जलवाहिनी आणि मलवाहिनीवरील चेंबर व मॅनहोल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात पाण्याचा विषय निघाला की तो धरणातल्या साठ्यावर आणि टँकरच्या खेपांवर येऊन थांबतो. साठ्यातले पाणी नळापर्यंत आणि न्हाणीतले पाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत ज्या वाहिन्यांतून जाते, त्यांच्याकडे लाईन फुटल्याशिवाय किंवा ड्रेनेज तुंबल्याशिवाय सहसा कुणी पाहत नाही. त्या वाहिन्यांपर्यंत हात पोहोचावा म्हणून बांधलेल्या जागांविषयी सरपंच, नगरसेवक, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि नव्याने रुजू झालेले कनिष्ठ अभियंते जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

चेंबर आणि मॅनहोल यांत फरक काय?

बोलण्यात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात आणि त्याने फारसे बिघडत नाही. मात्र अंदाजपत्रक करताना फरक ध्यानात ठेवावा लागतो. मॅनहोल मलवाहिनीवर असते आणि तो वाहिनीचाच एक भाग असतो, कारण दोन बाजूंच्या नळ्या त्याच्या भिंतीशी संपतात आणि मैलापाणी त्याच्या तळातील उघड्या पन्हळीतून पुढे जाते. पाण्याच्या लाईनवरील चेंबरमध्ये नळी कुठेही उघडी नसते. ती दाबाखाली बंदच राहते आणि चेंबर म्हणजे व्हॉल्वभोवती बांधलेला, झाकण असलेला खड्डा. म्हणून मॅनहोलची भिंत गळकी असेल तर मैला जमिनीत मुरतो व पावसाळ्यात जमिनीतले पाणी आत शिरून पंपिंग स्टेशनवरचा भार वाढतो. व्हॉल्वच्या चेंबरची गोष्ट नेमकी उलटी आहे, कारण तिथे साचलेले पाणी बाहेर जायला वाट हवी असते.

पाण्याच्या मुख्य लाईनवर चेंबर कुठे कुठे लागतात?

वाहिनीचा उभा छेद, म्हणजे तिचे चढउतार दाखवणारे रेखाचित्र, समोर ठेवला की जागा आपोआप कळतात. लाईन जिथे चढ संपवून उताराला लागते तिथे हवा अडकते, म्हणून तिथे एअर व्हॉल्व बसवतात. ती ओढा किंवा नाला ओलांडण्यासाठी जिथे सर्वांत खाली उतरते तिथे गाळ बसतो, म्हणून तिथे वॉश आऊट म्हणजेच स्कावर व्हॉल्व देतात आणि त्याची तोटी नाल्यात सोडतात. फाटा निघतो तिथे आणि लांब पल्ल्यात ठराविक अंतरावर लाईन बंद करणारा स्लुइस किंवा बटरफ्लाय व्हॉल्व असतो, जेणेकरून एका ठिकाणी लाईन फुटली तर पूर्ण वाहिनी रिकामी करावी लागू नये. हा शेवटचा व्हॉल्व अंदाजपत्रकातून सर्वांत आधी कापला जातो. फुटीच्या दोन्ही बाजूंना व्हॉल्व नसेल तर काही मीटरच्या दुरुस्तीसाठी काही किलोमीटर लाईन रिकामी करावी लागते आणि ती पुन्हा भरेपर्यंत शहराचा दिवस जातो, हे गणित त्या वेळी कुणी मांडत नाही.

मोठ्या व्यासाच्या पोलादी वाहिन्यांवर याखेरीज माणसाला आत जाता येईल अशी, जाड पोलादी झाकण नट-बोल्टने आवळलेली द्वारेही ठेवतात. त्यांतील अंतर साधारण ३०० ते ६०० मीटर असते, आणि चढाचे माथे व मुख्य व्हॉल्वच्या पुढची बाजू या त्यांच्या उत्तम जागा मानल्या जातात. जायकवाडीहून छत्रपती संभाजीनगरला पाणी आणण्याच्या नव्या योजनेतील वाहिनी २,५०० मिलिमीटर व्यासाची आहे, म्हणजे उंच माणूसही आत ताठ उभा राहील. शहराच्या जुन्या ७०० मिलिमीटरच्या लाईनमध्ये मात्र रांगतच जावे लागेल. आतल्या सांध्यांचे वेल्डिंग आणि सिमेंटचे अस्तर तपासायचे असेल तर बाहेरून कितीही फेऱ्या मारल्या तरी या द्वारांना पर्याय नाही.

एअर व्हॉल्वच्या चेंबरमध्ये पाणी साचले तर एवढे काय बिघडते?

आमच्या मते या संपूर्ण विषयात सर्वांत दुर्लक्षित प्रश्न हाच आहे. एअर व्हॉल्व दोन कामे करतो. लाईन भरताना तो आतली हवा बाहेर सोडतो आणि लाईन रिकामी होताना बाहेरची हवा आत घेतो. ती आत घेतली नाही तर आत निर्वात होऊन पातळ पत्र्याची पोलादी नळी चेपू शकते. आता हा व्हॉल्व ज्या चेंबरमध्ये आहे ते पावसाच्या, शेतातून वाहून आलेल्या किंवा शेजारच्या गटाराच्या पाण्याने भरलेले असेल, तर पंप बंद पडताच व्हॉल्व हवेऐवजी तेच पाणी ओढून घेतो आणि शुद्धीकरण केंद्रातून निघालेले स्वच्छ पाणी वाटेतच दूषित होते.

चोवीस तास दाब असलेल्या वाहिनीत असे क्वचित घडते. आपल्याकडील बहुतेक शहरांत पाणी काही दिवसांआड येते, म्हणजे वितरण वाहिनी प्रत्येक पाळीला भरते आणि रिकामी होते. दुष्काळी वर्षांत तर ती दिवसेंदिवस कोरडी राहते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे वाचकांच्या लक्षात असेलच. जिथे पाणी कमी असते, तिथे एअर व्हॉल्वला काम जास्त असते. ‘नळाला आधी हवाच येते, मीटर उगाच फिरते’ या तक्रारीचे मूळही पुष्कळदा बंद पडलेल्या एअर व्हॉल्वमध्ये असते.

म्हणून चेंबरचा कठडा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच घ्यावा, तळाला गिट्टीचा शोषखड्डा किंवा नाल्याकडे निचऱ्याची नळी द्यावी आणि झाकणाखाली हवा खेळायला बाजूच्या भिंतीत जाळी ठेवावी. पूर्ण बंदिस्त चेंबरमध्ये एअर व्हॉल्व बसवणे म्हणजे नाक दाबून श्वास घ्यायला सांगण्यासारखे आहे.

लाईनच्या कडेची माणसे एअर व्हॉल्वमधून पाणी घेतात. त्यावर उपाय काय?

व्हॉल्वचा गोळा नीट बसू नये म्हणून त्यात दगड किंवा काडी अडकवली जाते आणि चेंबरमधून वाहणाऱ्या पाण्यावर घागरी भरल्या जातात, जनावरे पाजली जातात, कधी शेताला पाटही काढला जातो. ही चोरी आहे आणि वर सांगितल्याप्रमाणे तिच्यातून शहराच्या पाण्यात घाण शिरते. तरीही ज्या शिवारातून शहराचे पाणी दिवसरात्र जाते, त्याच वस्तीला एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, हे विसरून नुसती कुलपे लावली तर ती टिकत नाहीत. जिथे वाटेतल्या वस्त्यांना रीतसर जोडणी आणि मीटर दिले जाते, तिथे व्हॉल्व शाबूत राहण्याची शक्यता अधिक असते.

मॅनहोल किती अंतरावर आणि किती मोठे असावे?

वाहिनीची दिशा, उतार किंवा व्यास बदलतो आणि दोन वाहिन्या मिळतात, अशा प्रत्येक ठिकाणी मॅनहोल हवेच. सरळ रेषेत, ज्या वाहिनीत माणूस शिरू शकत नाही आणि जी हाताने साफ करायची आहे, तिच्यावर जास्तीत जास्त ३० मीटर अंतर धरण्याचा प्रघात आहे; हे अंतर सफाईची काठी दोन्ही बाजूंनी कुठवर पोहोचते यावरून ठरलेले आहे. ९०० ते १,५०० मिलिमीटर व्यासाला ९० ते १५० मीटर, १.५ ते २ मीटर व्यासाला १५० ते २०० मीटर आणि त्याहून मोठ्या वाहिनीला ३०० मीटरपर्यंत अंतर चालते.

आकार खोलीवर ठरतो. गोल मॅनहोलचा आतला व्यास १.६५ मीटर खोलीपर्यंत ९०० मिलिमीटर, २.३ मीटरपर्यंत १,२०० मिलिमीटर आणि त्याखाली ९ मीटरपर्यंत १,५०० मिलिमीटर ठेवतात. तोंड किमान ५६० मिलिमीटर मोकळे हवे. पायऱ्यांचे लोखंडी कोयंडे दोन उभ्या ओळींत, एकाआड एक, भिंतीबाहेर किमान १०० मिलिमीटर येतील असे बसवतात. ते गंजले की वरून शाबूत दिसतात पण भिंतीतल्या टोकाशी पोखरलेले असतात, म्हणून जुन्या मॅनहोलच्या कोयंड्यावर भार टाकू नये.

तळाशी पन्हळ आणि बेंचिंग करण्यात कंत्राटदार टाळाटाळ करतात. ते खरोखर आवश्यक आहे का?

होय. येणाऱ्या नळीपासून जाणाऱ्या नळीपर्यंत अर्धगोल पन्हळ घडवून तिच्या दोन्ही कडांना पन्हळीकडे उतरता, साधारण दहास एक उताराचा काँक्रीटचा कट्टा देणे, याला बेंचिंग म्हणतात. तसे न करता सपाट तळ ठेवला की मैला पसरतो, वेग कमी होतो आणि जड भाग तिथेच बसतो. नवे काम ताब्यात घेताना बादलीभर पाणी वरच्या मॅनहोलमध्ये ओतावे आणि खालच्या मॅनहोलवर वाकून पाहावे: पाणी पन्हळ धरून एका धारेत आले तर गवंड्याने काम मनापासून केले आहे, आणि ते कोपऱ्यात फिरून तिथेच थांबले तर बिल अडवावे. या तपासणीला कोणतेही यंत्र लागत नाही.

ड्रॉप मॅनहोल म्हणजे काय?

उपवाहिनी मुख्य वाहिनीपेक्षा ६०० मिलिमीटरहून अधिक उंचीवर येऊन मिळत असेल, तर मैलापाणी धबधब्यासारखे आत पडू न देता भिंतीबाहेरून उभ्या नळीने तळाशी आणतात. पडणाऱ्या पाण्याने तळ झिजतो, शिवाय घुसळण होऊन विषारी वायू मोकळा होतो.

काळ्या मातीत चेंबर खचतात, तिरपे होतात, त्यांच्याजवळच नळी तुटते. असे का?

गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यातील भारी काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यातील चिकणमातीच्या खनिजाचे थर पाणी शोषून एकमेकांपासून दूर होतात, हे त्यामागचे कारण. नळी लांबलचक आणि हलकी असते, तर चेंबर एका जागी बसलेले जड बांधकाम असते. माती वरखाली झाली की दोघे सारख्या प्रमाणात हलत नाहीत आणि ताण नेमका भिंतीच्या तोंडाशी येतो. परभणीकडच्या भारी जमिनीत लाईन फुटल्याची तक्रार आली की अनुभवी फिटर आधी चेंबरच्या भिंतीला लागून खणतो, ते यामुळेच.

उपाय जुने आणि स्वस्त आहेत. पायाखाली आणि भिंतीभोवती काळी माती काढून मुरूम भरावा व थर देऊन कुटावा. भिंतीत नळी सिमेंटने घट्ट न जखडता तिच्याभोवती फट ठेवून ती लवचीक भरावाने बंद करावी. भिंतीच्या बाहेर लगेच एक आखूड तुकडा घालून त्याच्या दोन्ही टोकांना रबरी रिंगचे सांधे द्यावेत, म्हणजे जमीन हलली तरी तो तुकडा किंचित झुलतो आणि नळी तुटत नाही. खणलेली काळी मातीच परत भरून वर मुरुमाचा देखावा करण्याची पद्धत आहे, ती मोजमाप घेणाऱ्याने भराव चालू असतानाच पकडायची असते. नंतर वरून काहीच कळत नाही. बालाघाटाच्या माथ्यावर, जिथे वीतभर मातीखाली मुरूम आणि काळा पाषाण लागतो, तिथे ही अडचण नसते. तिथे खोदाईचा खर्च वाचवण्यासाठी लाईन उथळ टाकली जाते आणि चेंबरचे कठडे ट्रॅक्टरच्या चाकाला लागतात.

झाकण कोणते निवडावे?

रहदारी पाहून. भारतीय मानकांत काँक्रीटच्या झाकणांच्या चार श्रेणी आहेत: हलकी २.५ टन, मध्यम १० टन, जड २० टन आणि अतिजड ३५ टन. घराच्या आवारात हलके, बोळात मध्यम आणि ट्रक, बस जातात तिथे जड किंवा अतिजड, असा साधा हिशेब आहे. श्रेणीची अक्षरे झाकणावर कोरलेली असतात, ती वाचूनच झाकण उतरवून घ्यावे. बिडाचे झाकण उत्तम असते, पण भंगारात त्याला भाव असल्याने ते रातोरात नाहीसे होते. म्हणून पोलादी तंतू मिसळलेल्या काँक्रीटची झाकणे रूढ झाली. झाकणाइतकीच त्याची चौकटही महत्त्वाची आहे. चौकट डुगडुगत असेल तर प्रत्येक वाहनागणिक ‘खडक खडक’ आवाज येतो, आणि तो आवाज ऐकू येऊ लागला की झाकण फुटायला फार दिवस उरलेले नसतात. पावसात जिथे पाणी तुंबते तिथे झाकणाखाली सुरक्षेची जाळीही बसवावी.

नवा रस्ता झाल्यावर चेंबर सापडत नाहीत. काय करावे?

हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एका तालुक्याच्या गावी मुख्य रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला आणि त्याखाली लाईनवरचे व्हॉल्व एकामागून एक गडप झाले. पुढे भर उन्हाळ्यात त्याच रस्त्यावर लाईन फुटली, तेव्हा निवृत्तीला आलेल्या व्हॉल्वमनला घरून बोलावून आणले. त्यांनी आधी एका दुकानाच्या पायरीपासून पावले मोजली, मग जमिनीवर पहार आपटत आवाज ऐकत गेले. एका जागी आवाज पोकळ आला तेव्हा त्यांनी पहारीचे एक टोक डांबरावर टेकवले, दुसरे कानाला लावले आणि हात वर करून सगळ्यांना गप्प बसायला सांगितले. ‘इथंच हाय, सुं करतंय,’ एवढेच म्हणाले. डांबर फोडले तर विताएवढ्या अंतरावर झाकण होते. टी-चावी लावून फेरे मोजत त्यांनी व्हॉल्व सावकाश बंद केला, कारण घाईने बंद केला तर पाण्याचा दणका मागे जाऊन दुसरीकडे लाईन फोडतो. तोवर रस्त्याच्या कडेच्या तीन दुकानांत पाणी शिरले होते.

ही माहिती एका माणसाच्या कानात राहणे परवडणारे नाही. रस्त्याचे काम देतानाच चेंबरची चौकट नव्या पातळीला उचलण्याची बाब अंदाजपत्रकात धरावी आणि चेंबरची संख्या मोजून, जुळल्याशिवाय अंतिम देयक देऊ नये. प्रत्येक चेंबरची दोन पक्क्या खुणांपासूनची अंतरे वहीत लिहावीत व जवळच्या भिंतीवर रंगवावीत. मोबाईलवर अक्षांश-रेखांश घेणे चांगलेच, मात्र त्यात काही मीटरची चूक येते आणि डांबर फोडताना काही मीटर फार होतात.

मॅनहोल साफ करायला माणूस उतरवता येतो का?

सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार अशा धोकादायक सफाईला लावणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नियमांनी दिलेले अपवाद मोजके आहेत आणि तेव्हाही वाहिनी आधी रिकामी करणे व पूर्ण संरक्षक साधने देणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी गटारात झालेल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. ‘तो स्वतःच उतरला’ हा बचाव काम देणाऱ्याला सोडवत नाही, आणि सोसायटीने खासगी माणूस बोलावला तरी जबाबदारी सोसायटीवर येते.

जीव कशाने जातो हेही समजून घ्यावे. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो; तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते, त्यामुळे ‘वास गेला, आता उतरा’ हे वाक्य सर्वांत घातक आहे. दहा लाखांत हजार भाग एवढे प्रमाण असेल तर माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच मॅनहोलमध्ये दोन-तीन मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात त्या अशा. सोबत मिथेन असेल तर काडी पेटवून पाहण्याने स्फोट होऊ शकतो. वायुमापक दोरीने खाली सोडून प्राणवायू १९.५ टक्क्यांहून कमी नाही ना आणि हायड्रोजन सल्फाइड व मिथेन घातक प्रमाणात नाहीत ना, हे दोन्ही पाहणे एवढीच विश्वासार्ह चाचणी आहे.

या जागा वाहिनीपर्यंत पोहोचण्यासाठी आहेत. पोहोचणारी वस्तू जेटिंगची, म्हणजे जोरदार फवाऱ्याने वाहिनी धुणारी नळी, सक्शनचा पाईप किंवा कॅमेरा असावी. नवे मॅनहोल आखताना जेटिंगची गाडी तोंडाजवळ उभी राहू शकते का, हे पाहिले नाही तर पुढे तिथे माणूसच उतरवला जाणार, हे गृहीत धरावे.

पाण्याची लाईन आणि ड्रेनेज किती अंतरावर असावेत?

आडवे अंतर शक्यतो ३ मीटर ठेवावे, आणि एकमेकांना ओलांडत असतील तिथे पाण्याची लाईन मलवाहिनीच्या किमान अर्धा मीटर वरून न्यावी. जुन्या पेठांतल्या अरुंद गल्ल्यांत ३ मीटर मिळत नाहीत. तिथे निदान सांधे समोरासमोर येणार नाहीत आणि व्हॉल्वचे चेंबर मॅनहोलच्या उताराच्या बाजूला पडणार नाही, एवढे तरी सांभाळावे.

पूर्वी अशी सोय होती का?

होती, आणि आपल्याच भागात. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी नहर-ए-अंबरी बांधली. शहराच्या उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे भूजल जमिनीखालच्या बांधीव मार्गाने, निव्वळ उताराच्या बळावर शहरात येत असे. या मार्गावर ठिकठिकाणी गाळ काढण्यासाठी उभी तोंडे ठेवलेली होती, आणि हवा व दाब सांभाळण्यासाठी बंब म्हणून ओळखले जाणारे मनोरे उभारलेले होते. आजच्या एअर व्हॉल्वचे काम त्या मनोऱ्यांनी कोणताही हलता भाग न वापरता केले. नहरीच्या वाटेवर पुढे घरे उभी राहिली, तोंडे बुजली आणि गाळ काढणे थांबले.

गावात नवी नळयोजना झाली आहे. ताब्यात घेताना ग्रामपंचायतीने काय पाहावे?

नकाशा हातात घेऊन लाईनच्या कडेने चालत जावे आणि नकाशातला प्रत्येक व्हॉल्व प्रत्यक्ष उघडून व बंद करून घ्यावा. चेंबरमध्ये उतरून पाना फिरवायला जागा आहे का, की व्हॉल्वचे बोल्ट भिंतीला टेकले आहेत, हे बघावे. टेकले असतील तर पहिल्याच दुरुस्तीला भिंत फोडावी लागेल. वॉश आऊट उघडून पाणी नाल्यात जाते की शेजाऱ्याच्या वावरात, तेही पाहावे. टी-चाव्या दोन घ्याव्यात, एक पाणी सोडणाऱ्याकडे आणि एक ग्रामपंचायतीच्या कपाटात. प्रत्येक व्हॉल्व किती फेऱ्यांत आणि कोणत्या दिशेला बंद होतो, ते तिथेच उभे राहून वहीत लिहून घ्यावे, कारण उलट्या दिशेने बंद होणारा एखादा व्हॉल्व बहुतेक योजनांत निघतोच आणि तो न कळल्याने दांडा मोडतो.